नारिंगी की निळसर?

आपल्या सीमाभागात असे घर क्वचितच सापडेल, ज्यातले एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या कमिटीवर नाही. कोणी पतसंस्थेचे संचालक, कोणी वाचनालयाचे विश्वस्त, कोणी शाळेच्या कार्यकारिणीवर, कोणी दवाखान्याच्या ट्रस्टवर. या मंडळींपुढे अलीकडे एक नवाच कागद सहीला येऊ लागला आहे. नेटवर्कच्या कोटेशनमध्ये चौथ्या-पाचव्या ओळीला लिहिलेले असते, ‘फायबर केबल, ओएम-३, सहा तंतू, आर्मर्ड’. दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये त्याच जागी ‘ओएम-४’ असते आणि आकडा फुगलेला असतो. सभेत एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले जाते, मग कोणीतरी वडीलधारे म्हणतात, ‘एकदाच करायचे तर चांगलेच करू या,’ आणि ठराव मंजूर होतो. चांगले म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. विचारले तर अडाणी ठरू, ही भीती.

मी मराठीचा माणूस. तरीही यंदा आमच्या कॉलेजच्या खरेदी समितीवर माझे नाव आले. प्राचार्यांचे म्हणणे असे की, समितीत एक सभासद विषयाबाहेरचा असावा. त्याला कळेल अशा भाषेत सांगता आले तरच खर्च मंजूर करायचा. तेव्हा गेले तीन महिने मी काचेच्या तारा शिकतो आहे आणि शिकलो ते या सदराच्या वाचकांना सांगावे असे वाटले, कारण हा कागद आज ना उद्या तुमच्याही पुढे येणार आहे.

आमच्यापुढचा पेच साधा होता. माजी विद्यार्थ्यांनी दिलेली देणगी एक आणि कामे दोन. एक काम इमारती-इमारतींमधल्या नेटवर्कचे. दुसरे ग्रंथालयातल्या जुन्या मराठी आणि कन्नड नियतकालिकांच्या स्कॅनिंगचे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे ते अंक. आपला पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. जुलैत कागद दमट होतो, मे महिन्यात पापडासारखा मोडतो. दरवर्षी थोडी पाने जातात आणि ती पुन्हा कुठून आणायची? केबलवर जो रुपया जास्त जाईल, तो स्कॅनिंगमधून वजा होणार, हे उघड होते.

कोटेशने तीन आली. पहिल्याचे म्हणणे, ग्रंथालयाची जुनी केबल उपटून टाका आणि सगळीकडे ओएम-४ घाला. दुसरा त्याच्याही पुढे, ओएम-५ घ्या, पुढच्या वीस वर्षांची चिंता मिटली. तिसरा सर्वांत स्वस्त, ओएम-२. तिघांचेही प्रतिनिधी नम्र, कपडे इस्त्रीचे, बोलणे गोड. पण एक गोष्ट तिघांनीही विचारली नाही. ती विचारली आमच्या कॉलेजच्या वायरमनने. कागद हातात घेऊन तो म्हणाला, “एष्ट दूर री, सर?” किती लांब जायचे आहे? मी म्हटले, “अण्णा, ते तर कुठे लिहिलेलेच नाही.” तो हसला आणि टेप आणायला गेला.

आधी ही चीज काय आहे ते पाहू. गाजु म्हणजे काच आणि बेळकु म्हणजे उजेड. या दोन कन्नड शब्दांत सगळे आले. काचेचा बारीक तंतू असतो, त्याचा एकूण व्यास १२५ मायक्रॉन. (आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा.) या तंतूच्या पोटात वेगळ्या काचेचा गाभा असतो आणि उजेड त्या गाभ्यातूनच पळतो; बाहेरच्या काचेशी आला की पुन्हा आत वळतो. गाभा रुंद असेल, म्हणजे ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा, तर उजेडाला जायला अनेक वाटा मिळतात. ती मल्टिमोड. गाभा नऊ मायक्रॉनच्या आसपास असेल तर वाट एकच. ती सिंगल मोड. ओएम-१ पासून ओएम-५ पर्यंतची सगळी भावंडे मल्टिमोडच्या घरातली आहेत.

अनेक वाटा असणे ऐकायला चांगले वाटते, पण गोंधळ तिथेच आहे. शाळेची प्रभातफेरी डोळ्यांपुढे आणा. पाचवीचा वर्ग, मग थोडी मोकळी जागा, मग सहावीचा वर्ग. रस्ता रुंद असला की काही मुले मधून सरळ चालतात, काही या कडेकडून त्या कडेला नागमोडी जातात. निघताना वर्ग नीट वेगळे असतात. फर्लांगभर गेल्यावर पाचवीची रेंगाळलेली पोरे सहावीच्या पुढच्या पोरांत मिसळतात आणि कोणता वर्ग कुठे संपला हे शेवटच्या चौकात उभ्या असलेल्या मास्तरांना सांगता येत नाही. तंतूत नेमके हेच घडते. उजेडाचा प्रत्येक ठिपका धावता धावता पसरतो आणि मागच्या ठिपक्यात मिसळतो. वेग जितका जास्त, तितके ठिपके जवळ जवळ. एक गिगाबिटच्या वेगाला तंतूतला एक ठिपका साधारण वीतभर लांबीचा असतो. दहा गिगाबिटला तो जेमतेम दोन सेंटिमीटरचा, बोटाच्या रुंदीएवढा. म्हणून वेग दहापट केला की तीच केबल फार कमी अंतरापर्यंत साथ देते.

काच बनवणाऱ्यांनी यावर मोठी सुंदर युक्ती केली आहे. गाभ्याची काच मध्यभागी थोडी ‘जड’ ठेवायची आणि कडेकडे हलकी करत न्यायची. जड काचेत उजेड हळू चालतो, हलक्या काचेत भराभर. म्हणजे कडेकडून लांबचा फेरा घालणाऱ्या मुलांना जलद पळायला लावले आणि मधल्यांना सावकाश. सगळे जवळपास एकाच वेळी पोहोचतात. हा चढ-उतार किती काटेकोर जमला आहे, त्यावर केबलचा दर्जा ठरतो. ओएम-२, ओएम-३ आणि ओएम-४ तिघींचाही गाभा ५० मायक्रॉनचाच असतो. फरक या आतल्या घडणीच्या नेमकेपणाचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पैसे त्या न दिसणाऱ्या नेमकेपणाचे मोजायचे असतात.

आता थोडे जुन्या केबलविषयी. आमच्या ऑफिसपासून ग्रंथालयापर्यंत विसाएक वर्षांपूर्वीची ओएम-१ आहे, ६२.५ मायक्रॉनची. ‘त्या वेळी कोणी हा कचरा घातला?’ असा सूर पहिल्या कोटेशनवाल्याने लावला. मला ते आवडले नाही. ज्यांनी ती घातली ते प्राध्यापक आता निवृत्त आहेत आणि त्यांनी त्या वेळच्या हिशेबाने चोख काम केले होते. खरे तर आधी ५० मायक्रॉनचीच केबल आली होती, १९७० च्या दशकात. पण ऑफिसांच्या नेटवर्कमध्ये उजेड पाडायला एलईडी वापरू लागले आणि एलईडीचा उजेड पसरट असतो. तो झेलायला तोंड रुंद हवे, म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यास ६२.५ रुजली. १०० मेगाबिटच्या वेगाला ती दोन किलोमीटरपर्यंत चालत असे. मग गिगाबिटचा जमाना आला. एलईडीला तेवढ्या वेगाने उघडझाप जमेना आणि तिच्या जागी ८५० नॅनोमीटरचे छोटे लेसर आले. लेसरचा झोत बारीक आणि नेमका, त्याला रुंद तोंडाचे कौतुक नाही. ५० मायक्रॉन पुन्हा गादीवर आली. आपल्याकडे आजीच्या काळातली ठुशी नातीच्या लग्नात परत येते, तसेच काहीसे.

आता आकडे. सदरात आकडे घालू नयेत असे संपादक म्हणतात, पण इथे आकड्यांशिवाय गत्यंतर नाही. हे कात्रण काढून कमिटीच्या फाइलला लावलेत तरी चालेल.

एक गिगाबिटच्या नेहमीच्या मॉड्यूलवर ओएम-१ साधारण २७५ मीटर चालते, ओएम-२ ५५० मीटर. दहा गिगाबिटला हेच आकडे धाडकन खाली येतात. ओएम-१ फक्त ३३ मीटर, ओएम-२ ८२ मीटर, ओएम-३ ३०० मीटर आणि ओएम-४ ४०० मीटर. त्याच्याही पुढे, चाळीस गिगाबिटला ओएम-३ १०० मीटर आणि ओएम-४ १५० मीटर. पंचवीस गिगाबिटला, आणि शंभर गिगाबिटच्या चार जोड्यांच्या प्रकारालाही, ओएम-३ ७० मीटर आणि ओएम-४ १०० मीटर.

हे आकडे मी वहीच्या पाठपानावर लिहिले आणि अण्णांच्या टेपची वाट पाहत बसलो.

अंतर मोजणे हे काही मैदानातून सरळ दोरी धरण्याइतके सोपे नसते. केबल चरातून जाते, वडाच्या मुळांना वळसा घालते, भिंतीवरून पहिल्या मजल्यावर चढते, खोलीच्या कडेने कपाटापर्यंत जाते, शिवाय दोन्ही टोकांना काही मीटरचे वेटोळे राखून ठेवावे लागते, उद्या टोक तुटले तर हाताशी असावे म्हणून. डोळ्यांनी ‘पावणेदोनशे असेल’ असे वाटणारे नव्या विज्ञान इमारतीचे अंतर टेपने २४० मीटर भरले. ग्रंथालय १२० मीटर. मुलींचे वसतिगृह ३८०.

आणि हे तीन आकडे लिहिल्याबरोबर तिन्ही कोटेशनांचे पितळ उघडे पडले.

ग्रंथालय घ्या. १२० मीटर, जुनी ओएम-१, वेग एक गिगाबिट. मर्यादा २७५ मीटरची, म्हणजे निम्म्याहून कमी अंतर. केबल उपटायचे कारण काय? तर म्हणे स्कॅनिंगच्या फाइली मोठ्या असतात, दहा गिगाबिट लागेल. आमच्या संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्याने फळ्यावर हिशेब मांडला. तीनशे पानांच्या एका बांधीव खंडाची फाइल समजा ५०० मेगाबाइटची झाली. एक गिगाबिटच्या वाटेने ती सर्व्हरपर्यंत जायला पाच-सहा सेकंद लागतील. आणि तो खंड स्कॅन करायला? ठिसूळ पान हलक्या हाताने उलटायचे, काच पुसायची, पुन्हा पान. एक तास तरी जातो. तासाभराच्या कामानंतरचे पाच सेकंद वाचवायला नवी केबल! ग्रंथपालबाई एवढेच म्हणाल्या, “सर, मला वेग नको, दुसरा माणूस द्या.” ठराव तिथेच झाला. जुनी केबल राहिली आणि तिचे पैसे स्कॅनिंगकडे वळले.

विज्ञान इमारतीचा प्रश्न जास्त रंजक. तिथे प्रयोगशाळांसाठी दहा गिगाबिट हवे होते आणि दहा गिगाबिटची आखूड पल्ल्याची मॉड्यूल आमच्याकडे स्विचबरोबर आधीच आलेली होती. २४० मीटरला ओएम-२ चालणार नाही, तिची मर्यादा ८२. म्हणजे तिसरे कोटेशन बाद. ते स्वस्त नव्हते, वाया जाणारे होते. ओएम-३ चालते, कारण ३०० च्या आत आहे. मग ओएम-४ का नको? सहकाऱ्याचे म्हणणे होते की, उद्या वेग वाढवायचा झाला तर उपयोगी पडेल. ऐकायला पटते. पण वहीच्या पाठपानावर बोट ठेवून पाहा. चाळीस गिगाबिटला ओएम-४ ची धाव १५० मीटर, पंचवीस आणि शंभरला १०० मीटर. आमचे अंतर २४०. म्हणजे आज दहा गिगाबिटला दोन्ही चालतात आणि उद्याच्या वेगाला दोन्ही अपुऱ्या पडतात! २४० मीटरवर ओएम-४ साठी दिलेला जादा पैसा कुठेच उपयोगी पडत नाही.

ओएम-४ चा फायदा ठरावीक पट्ट्यांतच असतो. दहा गिगाबिटला ३०० ते ४०० मीटर, चाळीसला १०० ते १५०, पंचवीस आणि शंभरला ७० ते १००. तुमचे अंतर या पट्ट्यांत पडत असेल तर ती जरूर घ्या, तिच्यासारखी दुसरी नाही. पट्ट्याच्या अलीकडे असाल तर ओएम-३ पुरते. पलीकडे असाल तर ओएम-४ ही पुरत नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे आपण मराठीत म्हणतो आणि ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असे कन्नडमध्ये. इथे पाय किती लांब आहेत हे आधी मोजायचे आणि मग अंथरूण विकत घ्यायचे, एवढाच बदल.

ओएम-५ चे काय? दुकानदार तिला सर्वांत पुढची म्हणतात आणि अंगाने ती हिरव्या लिंबाच्या रंगाची असते. तिची खासियत अशी की, एकाच तंतूतून चार वेगवेगळ्या तरंगलांबींचे उजेड एकाच वेळी पाठवणारी मॉड्यूल वापरली, तर ती उपयोगी पडते. साध्या ८५० नॅनोमीटरच्या दहा गिगाबिट मॉड्यूलला ती ओएम-४ एवढीच धाव देते, मीटरभरही जास्त नाही. मोठमोठ्या डेटा सेंटरवाल्यांनी तिचा विचार करावा. कॉलेजने, पतसंस्थेने आणि दवाखान्याने तिच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वसतिगृह राहिले. ३८० मीटर, दहा गिगाबिट. कागदावर ओएम-४ च्या ४०० मीटरमध्ये बसते, अगदी तिच्या हक्काच्या पट्ट्यात. पहिल्या कोटेशनवाल्याने विजयी मुद्रेने तेच दाखवले. पण मीटरखेरीज आणखी एक हिशेब असतो, उजेड किती उरतो याचा. तो डेसिबलमध्ये मोजतात. दहा गिगाबिटला ओएम-४ च्या पूर्ण ४०० मीटरच्या मार्गावर एकूण २.९ डेसिबल घट चालते. केबलची घट किलोमीटरला ३.५ पर्यंत धरायची, म्हणजे ३८० मीटरला १.३३. दोन टोकांच्या दोन जोडांना नियमाने प्रत्येकी ०.७५ पर्यंत मुभा, म्हणजे दीड. बेरीज २.८३. उरले ०.०७! मध्ये कुठे घुशीने केबल कुरतडली आणि एक जोड जास्त द्यावा लागला की संपले. चांगल्या हाताचा जोड ०.३ च्या आसपासही येतो हे खरे, पण आपण हिशेब चांगल्या हाताचा धरायचा की मिळेल त्या हाताचा? (विज्ञान इमारतीचा हाच हिशेब, ओएम-३ ला २.६ ची मर्यादा धरून, ०.८४ अधिक १.५ असा २.३४ होतो. तिथेही फार ऐसपैस नाही, म्हणून मध्ये जोड द्यायचा नाही, एकसंध केबलच आणायची, ही अट आम्ही लेखी घातली.)

वसतिगृहासाठी मी सिंगल मोडच्या बाजूने उभा राहिलो. हे सांगितल्यावर सभेत थोडी खळबळ झाली, कारण ‘सिंगल मोड फक्त टेलिफोन कंपन्यांसाठी, फार महाग’ असा समज पक्का आहे. त्यातला अर्धा भाग आता जुना झाला. सिंगल मोडची केबल मीटरमागे मल्टिमोडपेक्षा स्वस्तच पडते. महाग असतात तिची मॉड्यूल, कारण नऊ मायक्रॉनच्या गाभ्यात लेसर नेमका बसवावा लागतो. पण दहा गिगाबिटच्या मॉड्यूलमधला फरक गेल्या काही वर्षांत बराच घटला आहे आणि वसतिगृहाला लागणार फक्त दोन, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. त्या बदल्यात दहा गिगाबिटला धाव मिळते दहा किलोमीटरची आणि उद्या वेग वाढला तर मॉड्यूल बदलायचे, काच तशीच राहते. स्विच सात-आठ वर्षांत म्हातारा होतो. जमिनीतली काच नातवंडांपर्यंत टिकू शकते.

मग मल्टिमोड घ्यावीच कशाला, असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो बरोबर आहे. एका खोलीत, एका कपाटातून दुसऱ्या कपाटात, शंभर-दीडशे मीटरच्या आत बरेच जोड असतील तर तिची मॉड्यूल अजून स्वस्त पडतात. शिवाय तिचा गाभा रुंद असल्याने धुळीचा कण आणि जरासा वाकडा जोड ती सहन करते; सिंगल मोडला तो कण म्हणजे दारात पडलेला धोंडा. आणि हाताशी मॉड्यूल असतील तर, आमच्या विज्ञान इमारतीसारखे, ती वापरून टाकणे शहाणपणाचे. पण इमारती-इमारतींमध्ये सगळेच नव्याने करत असाल, तर सिंगल मोडचे कोटेशन मागितल्याशिवाय सही करू नका. आणि चर खणालच, तर त्यात एक रिकामा पाइप दोरी ओवून सोडून द्या. खर्च खणण्याचा असतो, पाइपचा किरकोळ.

तांब्याच्या तारेने दोन इमारती जोडण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. एक तर ती शंभर मीटरच्या पुढे जात नाही. दुसरे, आपल्याकडचा मे महिन्यातला वळीव. कडाडून वीज झाली की तांब्यातून झटका येतो आणि दोन्ही टोकांचे स्विच जळतात. काचेतून वीज वाहत नाही. केबलला पोलादी चिलखत असेल तर त्याला अर्थिंग तेवढे द्यावे लागते.

नारिंगी आणि निळसर हा प्रश्न मथळ्यात टाकला, त्याचे उत्तर द्यायचे राहिले. ओएम-१ आणि ओएम-२ सहसा नारिंगी, ओएम-३ समुद्रासारखी निळसर-हिरवट, ओएम-४ त्याच रंगाची किंवा जांभळट गुलाबी, सिंगल मोड पिवळी. पण रंगावर जाऊ नका. नारिंगीच्या पोटात ६२.५ आहे की ५०, हे रंग सांगत नाही आणि जमिनीतून जाणारी केबल तर बहुतेक काळीच असते. ओल्या फडक्याने पुसून टॉर्चच्या उजेडात केबलच्या अंगावरचा छाप वाचा. ‘६२.५/१२५’ किंवा ‘५०/१२५’ असे इंग्रजी आकड्यांत लिहिलेले सापडते.

हे वाचणे का महत्त्वाचे, याचा एक किस्सा ऐकला. एका पतसंस्थेत जुनी ६२.५ ची केबल होती. एका टोकाची जोडतार खराब झाली म्हणून कोणीतरी बाजारातून नवी, सुंदर निळसर जोडतार आणून लावली. ती ५० ची. एका दिशेने सगळे ठीक. अरुंद नळातून रुंद नळात पाणी सांडत नाही. उलट दिशेने मात्र रुंदातून अरुंदात. गाभ्याच्या नुसत्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तरी शंभरातला चौसष्ट भागच आत शिरतो, आणि कोनाचा फरक धरला तर त्याहून कमी. दर वेळी इतका तोटा होतोच असे नाही, म्हणूनच निदान कठीण. कधी चालायचे, कधी बंद पडायचे. दोन महिने संगणकांना दोष देण्यात गेले. जोडतार बदलायला दोन मिनिटे लागली. ओएम-३ ला ओएम-४ जोडली तर असे होत नाही, दोन्ही ५० च्या. फक्त सगळ्या मार्गाची धाव धाकटीची, म्हणजे ओएम-३ ची, धरायची.

काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदाराकडून प्रत्येक तंतूची घट मोजलेला कागद घ्यायचा, तो आल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. टोकांवरची प्लास्टिकची टोपणे वापरात नसताना घातलेली असावीत आणि लावण्याआधी टोक खास पुसणीने पुसावे. शर्टाच्या कडेने नाही. चालू तंतूच्या टोकात डोळा घालून पाहू नये, पोरांना तर मुळीच पाहू देऊ नये. हा उजेड दिसत नाही, पण असतो.

आमची चर दसऱ्यानंतर खणायची आहे, जमीन थोडी वाळली की. अण्णांनी आतापासूनच मार्गावर चुन्याच्या खुणा केल्या आहेत आणि वडाच्या मुळांपाशी त्यांनी आखलेला वळसा पाहून मला वाटते, २४० चे २४३ होतील.